उगवतीकडच्या बरण्या

त्या दिवशी सकाळी मी मधूच्या आधी दुकान उघडलं. पंधरा वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. अमळनेरच्या एका गल्लीत आमची दोघांची मसाल्याची दुकानं, अगदी समोरासमोर. मी कितीही लवकर निघालो तरी कोपऱ्यावर वळता वळता त्याच्या दुकानाच्या फळ्या काढल्याचा खट् खट् आवाज यायचाच, आणि माझी सकाळ तिथेच थोडी नासायची. त्या दिवशी आवाज नव्हता. मी कुलूप काढलं, झाडून घेतलं, उदबत्ती लावली आणि मुद्दाम दर्शनी बाकावर ऐसपैस बसलो, म्हणजे हा येईल तेव्हा मी आधीच बसलेला त्याला दिसेन. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. चहा मागवला. इतका चवीनं चहा मी कित्येक महिन्यांत प्यायलो नव्हतो. कप खाली ठेवतोय तोच मधूच्या शेजारचे भांडीवाले आप्पा रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "दिनू, मधू गया रे. पहाटे. झोपमाच."

म्हणजे तो पाऊण तास, मी आधी आलो म्हणून आनंदात होतो, आणि तो गेलेला होता... हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच जातीचं आहे. मधूवर गावातल्या चार जणांनी पेपरात लिहिलं. मनमिळाऊ, सचोटीचा, हसतमुख, असं सगळं त्यात आलं आहे, आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. मला फक्त एवढंच सांगायचं आहे की असल्या माणसाच्या समोर दुकान थाटून बसणं ही काय शिक्षा असते, ते त्या चौघांपैकी एकालाही ठाऊक नाही. त्याच्या अंत्ययात्रेला गल्ली भरून वाहत होती. आजूबाजूच्या खेड्यांतून बायका आल्या होत्या, एसटीनं, डोक्यावर पदर घेऊन, सख्खा भाऊ गेल्यासारख्या रडत. मी खांदा दिला. आणि खांदा देता देता माझ्या मनात काय आलं असेल? माझ्या वेळेला यातले किती येतील.

आमची ओळख धुळ्याची. तो शिंदखेड्याकडचा, मी अमळनेरचा. दोघांची मिसरूड फुटत होती तेव्हा धुळ्याला एका मसाल्याच्या पेढीवर आम्ही बरोबरच नोकरीला लागलो. मालकांना सगळे नाना म्हणत. नानांचं दुकान बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथे काही विकायला ठेवलेलंच नाही. पुढे धण्याची आणि मिरचीची दोन पोती, तोंडं गुंडाळून ठेवलेली, बाकी सगळा माल आत, काळोखात, पत्र्याच्या डब्यांत. हळदीचा डबा उघडून क्षणभर विसरलो तरी नाना ओरडायचे, "झाकण! तिला उजेड सोसत नाही." ही गोष्ट मधूनं ऐकली तशी मीही ऐकली होती. रोज ऐकली होती. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

नानांकडे सहा वर्षं काढली आणि मग दोघांनीही स्वतःचं काही करायचं ठरवलं. अमळनेरला माझ्या ओळखीनं एकाच गल्लीत दोन गाळे मिळत होते, समोरासमोर. मधू म्हणाला, "गाव तुनं शे, आधी तू पसंत कर." मी दोन्ही गाळे पाहिले ते मार्गशीर्षात, दुपारी तीन-साडेतीनच्या सुमाराला. पश्चिमेकडे तोंड असलेल्या गाळ्यात छान कोवळं ऊन आलं होतं. थंडी होती, तिथे उभं राहावंसं वाटत होतं. शिवाय तो कोपऱ्याजवळ. बाजार करून एसटी स्टँडकडे परतणाऱ्या बायकांना आधी तोच दिसणार. समोरचा गाळा त्या वेळी अंधारलेला, गारठलेला होता. मी पश्चिमेचा घेतला आणि मनातल्या मनात म्हटलं, मधूला गंडवला. खानदेशात जन्म काढलेला माणूस हिवाळ्यात उभा राहून दुकान निवडतो आणि वैशाखाचा विचार करत नाही, याला काय म्हणावं! पण शेजाऱ्यापेक्षा सरस काहीतरी हाती लागलं की माणसाला ऋतू आठवत नाहीत.

पहिली दोन वर्षं आमच्या दोघांचीही दुकानं नानांच्या दुकानासारखीच होती. पुढे पोती, मागे डबे. एक दिवस मधू सकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, जळगावला एक जुनं गोळ्या-बिस्किटांचं दुकान बंद होतंय, तिथल्या काचेच्या बरण्या निघणार आहेत. जाड काच, तिरकं तोंड, म्हणजे बरणी आडवी ठेवली तरी हात घालून माल काढता येतो. वर पत्र्याचं झाकण. "चाल ना भो. अर्ध्या तू ली ले, अर्ध्या मी लेस." मी म्हटलं, "दुसऱ्याच्या वापरलेल्या बरण्या? पोरांनी चिकट हात घातलेल्या?" तो हसला आणि एकटाच गेला. संध्याकाळी एसटीच्या टपावरून केळीचे चार मोठे करंडे उतरवले. त्यात केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळलेल्या एकतीस बरण्या. बत्तीसावी करंड्यात बसली नाही, ती जळगावपासून अमळनेरपर्यंत त्यानं मांडीवर घेऊन आणली होती. बत्तिसातली एकही फुटली नव्हती. माझ्याकडून स्टँडवरून घरी येईपर्यंत अंडी फुटतात.

दोन दिवस कुसुमवहिनी आणि तो, म्हणजे मधू आणि त्याची बायको, राख आणि चिंचेनं बरण्या घासत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावर वळलो आणि थांबलो. सकाळचं ऊन तिरपं त्याच्या दुकानात शिरलं होतं आणि चार पायऱ्यांच्या मांडणीवर त्या बत्तीस बरण्या... एकीत लाल मिरची, एकीत हळकुंड, एकीत दळलेली हळद, मग धणे, तीळ, खसखस, मेथी, दगडफूल, तमालपत्र. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं त्यानं स्वतःच्या हातानं नाव लिहिलं होतं. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं, हे वेगळं सांगायला नकोच. नानांच्या काळोखात सहा वर्षं मी ज्या वस्तू चाचपून काढल्या, त्या इतक्या देखण्या असतात हे मला त्या दिवशी कळलं. शाळेत जाणारी पोरं थांबून बघत होती. माझी नेहमीची एक गिऱ्हाईक बाई माझ्याकडे येता येता वळली आणि तिकडे गेली. माझ्या पोटात जी कळ उठली ती मला अजून आठवते. मिरचीचा ठसका छातीत जाऊन बसावा तशी होती, आणि ती पाण्यानं जाणारी नव्हती.

मी पंधरा दिवस कसेबसे काढले. मग जळगावला गेलो. जुन्या नाही, नव्या कोऱ्या, मधूच्या बरण्यांपेक्षा वीतभर उंच, लाल झाकणाच्या चाळीस बरण्या घेतल्या. बत्तीसपेक्षा आठ जास्त. मांडणी त्याच्या चार पायऱ्यांची, म्हणून माझी पाच. नावं मात्र पेंटरकडून लिहून घेतली, कारण माझं अक्षर मलाच वाचता येत नाही. दिवाळीच्या आधी सगळं उभं राहिलं. मी गल्लीच्या मधोमध जाऊन एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, माझं सरस होतं.

मधू रस्ता ओलांडून आला. बराच वेळ मांडणीसमोर उभा राहिला. मला वाटलं, आता हा कौतुक करील आणि ते करताना त्याला किती त्रास होतो ते मला बघायला मिळेल. तो हळूच म्हणाला, "दिन्या, भलती सुंदर शे मांडणी. पण भो, काच नको लावू. तुनं तोंड मावळतीले शे. उन्हाळामा तीन वाजता बठ्ठं ऊन तुना दुकानमा घुसस."

मी म्हटलं, "का रे? तुझ्या झाकल्या गेल्या म्हणून पोटात दुखतंय का?"

 जाताना त्यानं एका बरणीचं झाकण तिरकं बसलं होतं ते सरळ केलं. मी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हसलो. मला काडीचीही शंका नव्हती की हा जळतो आहे. मी त्याच्या जागी असतो तर जळलो असतो, म्हणून तो जळत असणार. दुसऱ्याच्या पोटात शिरून बघायची दुसरी कुठली रीत मला येतच नव्हती.

हिवाळा झकास गेला. शिमगा झाला आणि ऊन चढायला लागलं. दुपारी दोननंतर ते ओट्यावर चढायचं, तीनला पहिल्या पायरीवर, चारला पाचव्या पायरीवर. बरण्यांना हात लावला तर चटका बसायचा. चैत्र सरता सरता दळलेली हळद उन्हाकडच्या बाजूनं फिकी पडली. मी बरणी फिरवून ठेवली, तर मागची बाजूही फिकी झाली. मिरचीचा लाल रंग विटकरी झाला. खोबऱ्याला वास यायला लागला. आणि हे नेमके वर्षाचा मसाला करायचे दिवस, जेव्हा खेड्यापाड्यांतून बायका मिरची-धणे न्यायला येतात आणि आमचं वर्ष ठरतं. एक म्हातारी अक्का बरणीतली मिरची हातावर घेऊन म्हणाली, "भाऊ, हाई मिरची गये सालनी शे का?" मी म्हटलं, आठवड्यापूर्वीची आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या तोंडावर खोटं बोललो. मी खरं बोललो होतो. मिरची ताजीच होती. पण ती उठली आणि समोर गेली.

कोणी म्हणेल, पडदा लावायचा. पडदा लावला तर बरण्या झाकल्या जाणार, मग त्या आणल्या कशाला? आत सरकवल्या तर दिसणार कशा? आणि उतरवल्या तर... उतरवल्या तर समोर तो बसलेला. त्यानं सांगितलं होतं, आणि मी गल्लीला ऐकू जाईल असा हसलो होतो. मंदानं, माझ्या बायकोनं, दोनदा सुचवून पाहिलं. मी तिच्यावर डाफरलो. दुकान बसत चाललं होतं हे मला दिसत होतं. एक उन्हाळा असाच गेला असता तर पुढच्या उन्हाळ्याला मला पुन्हा धुळ्याला कोणाच्या तरी पेढीवर डबे उघडत-झाकत उभं राहावं लागलं असतं. तरी माझा हात बरणीकडे जाईना.

त्याच वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, घरीच. हळदीच्या दिवशी सकाळी मी काही आणायला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्यावर हळदीची पुडी. पुडीचा दोरा पाहिला आणि माझे पाय तिथेच थबकले. मधू पुडी बांधताना शेवटी दोऱ्याला एक फास ठेवायचा, म्हणजे बाईला ती बोटात अडकवून नेता यावी. असा फास धुळ्यापासून अमळनेरपर्यंत दुसरं कोणी ठेवत नसे. मसाल्याच्या व्यापाऱ्याच्या घरचं लग्न, आणि नवरीची हळद समोरच्या दुकानातून आलेली! मी ओरडणार होतो. मंदा पिठाच्या हातानं माझ्यासमोर उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, आपल्या बरणीतली हळद लावली तर पोरगी पिवळी व्हायची सोडून पांढरीफटक दिसेल. तुम्ही घ्या लावून हवी तर." बाहेर बायका जमल्या होत्या. मी पुडीला हात न लावता बाहेर आलो. बहिणीला हळद लागली, ती लख्ख पिवळी झाली, सगळे हसत होते, आणि मी मांडवाच्या खांबाला टेकून त्या पिवळ्या रंगाचा द्वेष करत उभा होतो.

लग्नाला मधूही आला होता. पंगतीत वाढायला उभा राहिला, भाताचं पातेलं घेऊन. माझ्याशी बोलला नाही, मीही बोललो नाही. हळद कोणाकडची हे त्याला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं.

लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी मी दुकानात आलो तर समोर बरण्या नव्हत्या. मांडणी रिकामी, आणि खाली तेलाच्या रिकाम्या डब्यांची रास. आमच्या गावात असले पंधरा किलोचे डबे हवे तेवढे मिळतात. पत्र्याचं काम करणारा कारागीर तिथेच बसून ठोकाठोकी करत होता. डब्याला तिरकं, बिजागरीचं झाकण, आणि पुढच्या बाजूला तळहाताएवढा चौकोन कापून त्यात काच. माल दिसावा तेवढा दिसतो, बाकी सगळा अंधारात. बाहेरून हिरवा रंग. दोन दिवसांत बत्तीस डबे उभे राहिले. गल्लीत पुन्हा बायका थांबायला लागल्या. "मधूभाऊ, हाई काय नवीन काढं?" तो म्हणायचा, "हाई आते नवी पद्धत शे."

नवी पद्धत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काचेवर एवढं केलं, आणि हा लेकाचा काच सोडून पुढे गेला? म्हणजे आता मी मागासलेला? त्याच संध्याकाळी मी त्या कारागिराला गाठलं आणि तसेच चाळीस डबे सांगितले. काच त्याच्यापेक्षा बोटभर मोठी. रंग हिरवाच, पण दोन हात. माझ्या बरण्या मी एका गोळीवाल्याला देऊन टाकल्या आणि कोणी विचारलं तर सांगायचो, काचेचा जमाना गेला. मांडणी पूर्ण झाली तेव्हा मधू आला, डब्याचं झाकण उघडून-मिटून पाहिलं आणि म्हणाला, "तुना डबा मना डबास्पेक्षा चांगला शेतस, दिन्या." मी म्हटलं, "आहेतच." पुढच्या उन्हाळ्यात माझी हळद पिवळी राहिली, मिरची लाल राहिली, आणि गेलेल्या बायका हळूहळू परत आल्या. मला वाटलं, हे सगळं माझ्या ईर्षेनं केलं.

त्यानंतरची बारा-तेरा वर्षं अशीच गेली. दर दिवाळीच्या आधी तो डब्यांना रंग द्यायचा, आणि मी वाट बघायचो. त्यानं निळा दिला की मी निळा. त्यानं पिवळी कड ओढली की माझी कड दुप्पट रुंद. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बरण्या बाजारात आल्या आणि जळगावच्या दुकानांत सगळीकडे त्याच दिसायला लागल्या, तेव्हाही मी आधी समोर पाहिलं. त्यानं आणल्या नाहीत, मीही आणल्या नाहीत. मुलांची शिक्षणं, आजारपणं, दोन्ही घरचं एकमेकांकडे जाणं-येणं, सगळं होतं. मंदा आणि कुसुमवहिनी पापड बरोबरच लाटायच्या. पण आमचं दोघांचं बोलणं त्या लग्नापासून रस्त्याच्या मधोमध थांबलं होतं, तिथून पुढे कधी गेलं नाही. आणि मनात एक गोष्ट कायम राहिली की याच्या आधी मला कधीच काही सुचत नाही.

तेराव्यानंतर आठवड्याभरानं वहिनींनी निरोप पाठवला. मी गेलो. त्यांचा मुलगा पुण्याला शिकायला, तो येऊन दुकान बघणार नव्हता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दुकान मीच चालवणार आहे. मला सगळा माल ओळखता येतो. फक्त मांडणीचं तुम्ही सांगा. हे डबे सडले आहेत, बुडाला गंज धरलाय. नवे करायचे, की वरच्या बरण्या काढायच्या?"

"कुठल्या बरण्या?"

त्यांनी दुकानाच्या माळ्याकडे बोट दाखवलं. शिडी लावून मी वर चढलो. केळीचे चार करंडे, तसेच्या तसे. पानांचा हात लावताच भुगा होत होता, आणि भुग्याखाली काच. मी एक बाहेर काढली. पांढऱ्या रंगात, त्या मोत्यासारख्या अक्षरात, 'हळद'.

"विकल्या नाहीत त्यानं?" मी वरूनच विचारलं.

"विकतील कशा? त्या उतरवल्या त्या दिवशी जेवलेही नाहीत धड. मी म्हटलं, आपल्याला कुठे डबे लागतात? सकाळचं तासभर ऊन, पुढे तर आमच्याच माडीची सावली पडते दुकानावर. आमची हळद कधी फिकी पडली नाही. तर म्हणाले..." वहिनी मूळच्या जळगावच्या, बोलणं शहरी, पण मधूचे शब्द त्यांनी त्याच्याच बोलीत सांगितले. "म्हणाले, 'सांगीसन तो ऐकाव नही. मी कयं का देखीसन करी.'"

मी शिडीवरच बसून राहिलो. सांगून तो ऐकणार नाही, मी केलं की बघून करेल... मला रडू यायला हवं होतं. तुम्हाला वाटेल, आलं. नाही आलं. मला राग आला, भयंकर. हा माणूस मला आतून-बाहेरून ओळखून होता. माझी जळजळ, माझे आठ जास्त डबे, माझी बोटभर मोठी काच, सगळं त्यानं आधीच धरलं होतं. आवडत्या बरण्या माळ्यावर टाकल्या आणि बारा-तेरा वर्षं समोर बसून माझ्या डब्यांचं कौतुक करत राहिला, आणि एकदाही, एकदाही तोंडातून शब्द नाही. चांगुलपणातही त्यानं मला मागेच ठेवलं. मी असं कोणासाठी काही केलं असतं तर दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगितलं असतं. मला त्याचा त्या क्षणी जेवढा हेवा वाटला तेवढा बरण्यांचाही वाटला नव्हता.

वहिनी खाली वाट बघत होत्या. "मग, भाऊजी? डबे की बरण्या?"

आता इथे मी खरं लिहितो. मला उत्तर माहीत होतं. त्या गाळ्यात काच शोभते, टिकते, आणि सकाळच्या उन्हात त्या बरण्या उभ्या राहिल्या तर माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळणार. डबे म्हटलं असतं तर दोन्ही दुकानं सारखी दिसली असती, आणि सारख्या दुकानांत लोक जुन्या माणसाकडे येतात. जुना आता मीच होतो. वहिनींनी ऐकलं असतं. मी 'बघून सांगतो' म्हटलं आणि घरी आलो.

दोन दिवस सांगितलं नाही. मंदाला सगळी हकीकत सांगितली तेव्हा ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "त्या लग्नाच्या हळदीच्या दिवशी मधूभाऊंनी मला एकच विचारलं होतं. दिनू जेवतो का नीट? मी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही ताट फेकलं असतं." फेकलंच असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान न उघडताच रस्ता ओलांडला. म्हटलं, "वहिनी, काच लावा. तुमचं तोंड उगवतीला आहे." मग आम्ही तिघांनी, वहिनी, मंदा आणि मी, राख आणि चिंच घेऊन बरण्या घासल्या. बत्तीसच्या बत्तीस शाबूत होत्या. नावं पुसू नका असं मी दोघींना चारदा बजावलं. कुठली बरणी कुठल्या पायरीवर होती ते वहिनींना आठवत नव्हतं. मला आठवत होतं. वरून दुसऱ्या पायरीवर डावीकडे मिरची, तिच्या शेजारी हळद, मग धणे. मी एक एक लावत गेलो. इतकी वर्षं जळून जळून ती मांडणी मी पाठ केली होती, ती अशी कामाला आली.

परवा सकाळी निघायला मला थोडा उशीर झाला. कोपऱ्यावर वळलो आणि खट् खट् आवाज आला. वहिनी फळ्या काढत होत्या. ऊन तिरपं आत शिरलं होतं, मिरची लाल, हळद पिवळी, आणि माझ्याकडे निघालेली एक बाई मधेच वळून तिकडे गेली. माझ्या पोटात कळ उठली, तीच जुनी. तो गेल्यापासून पहिल्यांदाच मला दुकानात जाऊन बसावंसं वाटलं.